पहिलं अक्षर

सरांच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी परगावी एका हॉटेलात होतो. संध्याकाळचं उड्डाण होतं, म्हणून जेवण उरकून गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होतो. सर आपणहून फोन कधी करत नसत. मी उचलला आणि पलीकडून "हं" आलं. घशातून निघालेलं, आखूड, ओळखीचं, आणि त्यामागोमाग नेहमीसारखं क्षणभर थांबणं. मी म्हटलं, "बोला सर." ते थांबणं थोडं लांबलं... आणि मग बाईचा आवाज आला. "यासीन, मी अक्का बोलतोय रे. तुझं सर गेलं. काल दुपारी जेवून आडवं झालं ते उठलंच न्हाईत. आज सकाळी नेसरीला नेऊन माती दिली. तुला कळवायचं राहिलं बघ गडबडीत." अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. नवल त्या 'हं'चं होतं. तीस वर्षांच्या संसारात ते सरांकडून त्यांच्याकडे आलं असणार, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मात्र मला खात्री होती की 'हं' सरांनीच म्हटलं आणि पुढचं तेवढं अक्कांनी सांगितलं. इस्त्री शर्टाच्या बाहीवर तशीच राहिली होती, हे वास आल्यावर कळलं.

या 'हं'ची हकिकत सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. महालिंग चौगुले सर लहान विमानं चालवायला शिकवत. मूळ नेसरीचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण राहायला कोल्हापुरात, शाहूपुरीत, दुकानांच्या मागच्या एका बोळात. विमान शिकवणारा माणूस म्हटल्यावर काळा चष्मा आणि इंग्रजी असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. सर हे असे, दंडावर ताईत, कपाळाला विभूतीची फिकट रेघ, आणि आवाज असा की इंजिन बंद असतानाही धावपट्टीच्या माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यावा. लहान विमानात इंजिनाचा एवढा गोंगाट असतो की खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाशीही हेडसेटमधूनच बोलावं लागतं. आमच्या संस्थेतलं विमान जुनं होतं. त्याचा माईक आवाज ऐकला की आपोआप चालू व्हायचा, पण चालू व्हायला त्याला क्षणभर लागायचं आणि तेवढ्या वेळात तो शब्दाचं पहिलं अक्षर गिळायचा. 'डावीकडं' म्हटलं की 'वीकडं' ऐकू यायचं, 'उजवीकडं' म्हटलं की 'जवीकडं'. आता वळा कुठं वळायचं ते. यावर सरांनी स्वतःचा उपाय काढला होता. बोलण्याआधी एक "हं" म्हणायचं, त्यानं माईक जागा होतो, मग खरा शब्द पुरा पोचतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "ह्याला भूक लई. आधी हं घाल खायला, मग बोल."

पुढे ही खोड जमिनीवरही उतरली. दुकानात, लग्नात, फोनवर, कुठेही सर बोलायला लागले की आधी 'हं'. लोकांना वाटायचं, माणूस विचार करून बोलतो.

सात वर्षांपूर्वी आमचं विमान उड्डाण करताना पडलं. आत आम्ही दोघंच होतो, मी शिकणारा आणि ते शिकवणारे. दोघंही वाचलो. त्या अपघाताच्या कागदांवर असं नोंदलेलं आहे की ऐन वेळी सरांनी 'सोड' म्हणायच्या जागी 'ओढ' म्हटलं, आणि मी ओढलं. लहान विमानात बोलणं टिपून ठेवणारं कुठलंही यंत्र नसतं. तो शब्द दोघांनाच माहीत होता, त्यातले एक आता गेले. त्या शब्दानं त्यांचं शिकवणं गेलं, गावातला मान गेला. मी आज एका प्रवासी विमानात सहवैमानिकाच्या खुर्चीत बसतो तो त्याच शब्दाच्या जोरावर. म्हणून सरांबद्दल चार बऱ्या आठवणी सांगून मला मोकळं होता येत नाही. त्या शब्दाचंच काय ते सांगावं लागणार आहे.

आमची ओळख झाली ती शिलाईमुळे. माझे वडील शाहूपुरीत गणवेश शिवतात. मुख्य गिऱ्हाईक बँडवाले आणि शाळा. सर एकदा पांढरा शर्ट घेऊन आले, खांद्यावर पट्ट्या लावायच्या म्हणून. अब्बांनी आयुष्यभर बँडवाल्यांचे खांदे सजवलेले, त्यांनी आपल्या मनानं पट्ट्यांना सोनेरी झालर लावून दिली. सरांनी शर्ट हातात धरून उलटा सुलटा पाहिला. "मिस्त्री, मी विमान चालवतो, वरात न्हाय काढत," म्हणाले, आणि स्वतःच एवढ्यानं हसले की शेजारचा चष्म्याचा दुकानदार बाहेर आला. मी बारावी होऊन काजं करत बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला वर बघायची सवय हाय का खाली बघायची?" मी म्हटलं, सुईत दोरा घालताना खालीच बघावं लागतं. "मग उद्या सकाळी माळावर ये," म्हणाले. तो शर्ट त्यांनी झालरीसकट वर्षभर घातला. अब्बांना वाईट वाटू नये म्हणून, दुसरं कारण नव्हतं.

नियम असा की विमानात सगळं इंग्रजीत बोलायचं. कंट्रोल टॉवरशी सर तसंच बोलत, स्वच्छ आणि मोजकं. आमच्याशी मात्र त्यांचे तीन शब्द होते, ओढ, सोड आणि, पायाखालच्या पायट्यांसाठी, दाब. विमानात दोघांसमोर एकेक हँडल असतं आणि ती दोन्ही आतून एकमेकांना जोडलेली असतात. एकानं ओढलं की दुसऱ्याचंही मागे येतं. ओढलं की नाक वर, पुढे ढकललं की खाली. पहिले काही दिवस मला याची भीती वाटायची. मी काही न करता हँडल माझ्या मुठीत हलायचं, थोडं मागे, थोडं डावीकडे, आणि शेजारी बघावं तर सर खिडकीबाहेर बघतायत, हात मांडीवर असावा तसा सैल. पुढे कळलं, ते दोन बोटांनी खालून धरत. महिन्याभरात मला तो दाब ओळखू यायला लागला. सरांचा हात कधी माझ्या बाजूनं आहे, कधी माझ्याविरुद्ध, हे न बघता कळायचं. माणसाचा स्वभाव त्याच्या हातातून समजतो असं मी कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला सर तसेच समजले.

उड्डाणाच्या वेळी धावपट्टीच्या डाव्या अंगाला एक सुबाभळीचं झाड लागायचं. त्या झाडापर्यंत वेग पुरेसा झालेला असायचा. झाड खिडकीतून मागे सरकलं की सर म्हणायचे, "हं, ओढ." रोज, त्याच जागी, त्याच स्वरात. उतरताना टेकायच्या अलीकडे म्हणायचे, "हं, सोड." पुढे पुढे ते म्हणण्याआधीच मला ऐकू यायचं.

एक दिवस पाऊस आणि ढग, विमान बाहेर काढता येईना. सरांनी मला त्यांच्या गाडीत घातलं आणि गगनबावड्याला नेलं. घाटाच्या तोंडाशी धुकं एवढं दाट होतं की गाडीच्या बॉनेटचं टोक दिसेना. रस्त्याकडेला गाडी उभी करून इंजिन बंद केलं. "डोळं मिट. आता सांग, गाडी उभी हाय का चाललीय?" मी मिटले. थोडा वेळ काही नाही. मग मला स्पष्ट जाणवलं की गाडी मागे चालली आहे, हळूहळू, दरीच्या बाजूला. मी डोळे उघडून ब्रेक शोधायला हात घातला. ब्रेक त्यांच्या बाजूला होता आणि त्यांचा पाय त्यावर होता. गाडी हललेली नव्हती. खिडकीबाहेर पांढरं धुकं सरकत होतं, तेवढंच. त्या पांढऱ्यात बसून सर शांतपणे म्हणाले, "अंग खोटं बोलतं. ढगात शिरलास की अंगावर इस्वास ठेवू नको, यंत्राच्या काट्यावर ठेव. अंगाला वाटतं ते खरं मानणारी माणसं डोंगरात घुसलीत." हा धडा बरोबरच होता. जगातला कुठलाही वैमानिक हेच शिकतो. मी तो नको तिथे वापरला, त्याला सर काय करणार.

त्या सकाळी आभाळ निरभ्र होतं, वारा समोरून आणि बेताचा. आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी थांबलो. खुर्ची रुळांवर पुढेमागे सरकते, तिची कडी नीट बसली आहे का ते हिसका देऊन बघायचं असतं. सरांनी विचारलं, "हं, खुर्ची?" मी म्हटलं, "बघितली." बघितली होती की सवयीनं म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. इंजिनाला पुरा जोर दिला. विमान पळायला लागलं. सुबाभूळ जवळ आली, वेग आला, मी हँडलवर हलका ताण दिला, चाकं उचलली... आणि माझी खुर्ची कडीतून सुटून रुळांवर एकदम मागे गेली. पाय पायट्यांवरून सुटले, समोरची काच लांब गेली, आणि मागे जाताना माणूस जे हातात असेल ते धरतो तसं मी हँडल धरलं. माझ्या सगळ्या वजनानिशी ते मागे आलं. नाक वर गेलं, काचेतून जमीन नाहीशी झाली, नुसतं निळं. पंखात बसवलेली इशाऱ्याची पुंगी वाजायला लागली. पंख आता भार पेलणार नाही असं ती सांगत असते. आणि त्या पुंगीतून हेडसेटमध्ये सरांचा आवाज आला. एकच शब्द. त्याच्याआधी 'हं' नव्हतं.

मला 'ओढ' ऐकू आलं.

मी ओढलं. हँडल जड होतं, फार जड. मी दोन्ही हातांनी ओढलं. मग विमान अचानक हलकं झालं, पुंगीचा सूर बदलला, आणि डावा पंख खाली जायला लागला. तेवढ्या वेळात मला त्या सुबाभळीच्या शेंगा दिसल्या, तपकिरी, वाळलेल्या, वरून दिसणाऱ्या. दोन मजली घराच्या उंचीवरून आम्ही धावपट्टीशेजारच्या गवतात पंखावर पडलो. इंजिन थांबलं. माळावर एवढी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. माझा खांदा मोडला होता, ते अजून दुखायला लागलं नव्हतं. बॅटरी जिवंत होती, त्यामुळे हेडसेटही. त्यात थोडी खरखर झाली आणि सरांचा आवाज आला, अगदी रोजचा. "हं. बोटं हालतात का?" मी म्हटलं, हलतात. "हं. बरं झालं." त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

इस्पितळात त्यांची खोली माझ्या समोर होती. चौकशीची माणसं यायच्या आदल्या दिवशी मी भिंतीला धरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, "तू काय ऐकलंस?" मी म्हटलं, "ओढ." ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं... मग तेच म्हटलं असणार मी." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "ऐकणाऱ्यानं ऐकलं तेच खरं, हे मी तुला शिकीवलंय का न्हाय? बोलणाऱ्यानं काय म्हटलं त्याला इचारतंय कोण. आता हा इषय हितंच संपला. परत मला इचारायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं की आपण चुकीचा शब्द वापरला. मलाही विचारलं गेलं. मी म्हटलं, ओढ ऐकलं. ते खोटं नव्हतं. चौकशीच्या साहेबांनी कागद मिटताना विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" मी म्हटलं, नाही.

सांगायचं होतं. हँडल जड होतं, हे सांगायचं होतं. सर 'ओढ' म्हणाले असते तर त्यांनी माझ्याबरोबर ओढलं असतं, आणि ते हलकं लागलं असतं. त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मुठींना सरांचे हात लागत होते, पलीकडून, जीव खाऊन पुढे ढकलणारे. तो दाब मला शंभरांत ओळखता आला असता. पण खुर्ची सुटण्यामागे माझं 'बघितली' होतं, आणि त्यावर सरांनी सांगूनही मी हँडल सोडलं नाही हे लागलं असतं, तर माझं उडणं तिथेच संपलं असतं. मग मी मनाशी गगनबावडा काढला. अंग खोटं बोलतं. हाताला काय वाटलं त्याला काय अर्थ... आणि हात नंतर कधी काही बोलले नाहीत, असं मी सात वर्षं स्वतःला सांगितलं.

मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो. सरांचा शिकवण्याचा परवाना गेला, आणि पायही पुन्हा धड झाला नाही. ते मेव्हण्याच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानात बसायला लागले. कोल्हापूरचं तोंड कुणाला सोडत नाही. "काय ओढसर, आज काय ओढताय?" गिऱ्हाईकं आत येता येताच विचारायची. सर हसून पंपाचा पाइप दाखवायचे. मी सुटीवर आलो की त्यांच्या घरी जायचो. अक्का चहा करायच्या, सर मला विमानांबद्दल विचारायचे, नवीन यंत्रणा, नवीन कॉकपिट, हँडल असतं का अजून. तो शब्द त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. एक गोष्ट मात्र मला बसू देत नसे. दुपारचं विमान यायच्या आधी, कानाला काहीही ऐकू येत नसताना, सर बोलता बोलता थांबायचे. बशी खाली ठेवायचे. दोन्ही हात मांडीवरून थोडे वर उचलले जायचे, मुठी अर्धवट मिटायच्या. मग काही वेळानं आवाज यायचा, छपरावरून जायचा, आणि ते बशी उचलून वाक्य तिथूनच पुढे चालू करायचे. अक्का हे बघून मान फिरवायच्या. मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण मला त्या हातांकडे बघायचं नसायचं.

ते गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी उड्डाणाला गेलो. जळक्या बाहीवर जाकीट घातलं. धावपट्टीवर विमान पळायला लागलं, शेजारी बसलेल्या कॅप्टन वेगाचे आकडे सांगत होत्या, आणि नाक उचलायच्या जरा आधी माझ्या हेडसेटमध्ये "हं" आलं. पुढे काही नाही. हल्लीचे माईक अक्षरं खात नाहीत. मी कॅप्टनकडे बघितलं, त्यांचं लक्ष समोर होतं. वर गेल्यावर विचारलं, काही म्हणालात का? म्हणाल्या, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी पुन्हा. आवाज भीतीदायक नव्हता, हेच मला जास्त लागलं. रोज शिकवतानाचा तो स्वर होता, आता शब्द येईल म्हणून माईक जागा करणारा. आणि मग थांबणं... आणि त्या थांबण्यात शब्द न येणं. मी दीडशे माणसं घेऊन वर जात होतो आणि एका अक्षराची वाट बघत होतो. आठव्या दिवशी मी रजा टाकली आणि कोल्हापूरला आलो.

शाहूपुरीतलं घर तसंच होतं. अक्कांनी दार उघडलं आणि मला थेट सरांच्या खोलीत नेलं. भिंतीला लागून लोखंडी कॉट, वर एक घोंगडं. "हितंच झोपायचं दुपारचं," त्या म्हणाल्या. मग कॉटवरची उशी बाजूला करून भिंतीकडे बोट दाखवलं. फिकट निळ्या रंगावर दोन काळसर डाग होते, एकाच उंचीला, हातभर अंतरावर. तळव्यांचे. रंग तिथे झिजून आतला चुना दिसत होता, बोटांच्या जागीसुद्धा.

"झोप लागली की कुशीवर वळायचं आणि दोन्ही हातांनी भिंत ढकलायचं," अक्का सांगत होत्या. सांगताना त्यांना थोडं हसूही येत होतं. "पडल्यापासनं रोज. घाम फुटायचा, दात आवळायचं. मी म्हणायचो, अवो भितीनं काय वाकडं केलंय तुमचं? जागं झालं की काय बी आठवायचं न्हाय. गेलं तवाबी तसंच बघ. मी चार वाजता चहाला उठवाय गेलो, तर दोन्ही तळवं भितीला, हात ताठ. खाली घ्यायला माझा भाऊ आणि शेजारचा, दोघं लागलं." मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "तू इमानातला माणूस. कशाला ढकलत असतील रे?"

खोलीत पंखा फिरत होता. मी त्या डागांकडे बघत होतो आणि माझ्या मुठींना तो दाब लागत होता, जसा तेव्हा लागला होता, पलीकडून. ओढ म्हणणारा माणूस ढकलत नाही. मी म्हटलं, "अक्का, सर 'ओढ' म्हणाले नव्हते. 'सोड' म्हणाले होते. माईकनं पहिलं अक्षर खाल्लं, 'स' गेला आणि 'ओड' तेवढं पोचलं. मी ओढत होतो आणि ते ढकलत होते."

त्यांना कळायला वेळ लागला. त्या कॉटच्या कडेवर बसल्या. "तुला ठाऊक हुतं?"

"हाताला ठाऊक होतं."

"हात कुणाचा?"

मी म्हटलं, "माझा."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. घोंगड्याची सुरकुती हातानं सरळ करत राहिल्या. "मी त्यांना लई बोललो रे," म्हणाल्या. "दुकानात लोक ओढसर म्हणायचं ते माझ्या कानावर यायचं, मग घरी आलं की मी बोलायचो. जल्मभर बोलून खाल्लं तुम्ही, आणि नेमक्या टायमाला एक शब्द धड बोलाय आला न्हाई. अगदी असं म्हटलंय. जेवताना म्हटलंय." मी विचारलं, "मग सर काय म्हणायचे?" "काय म्हणणार. हं म्हणायचं. आणि फुडं काय न्हाई. मी वाट बघायचो, आता कायतरी बोलतील... घास उचलायचं." मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. "मला मागू नको. ज्यांची मागायची ते गेलं. सात वर्सं ह्या घरात बसून तू चा प्यालास यासीन. माझ्या हातचा." हे त्या ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. इतक्या वर्षांत अक्का माझ्याशी हळू आवाजात कधीच बोलल्या नव्हत्या.

त्या उठल्या. मला वाटलं स्वयंपाकघरात जातायत. त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "आज चा देत न्हाय. आधी लिही. चौकशीवाल्यास्नी लिही आणि पेपरातबी लिही. दुकानात येणारं लोक वाचतील असं लिही, त्यांचं पुरं नाव घालून. मग ये."

चौकशीच्या कार्यालयाला पत्र गेलं आहे. त्यातून माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, सध्या मी रजेवर आहे आणि अब्बांच्या दुकानात काजं करतो. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हा मजकूर लिहायला मला तीन आठवडे लागले. आधी दोनदा लिहिला होता. त्यात सर कसे मोठ्या मनाचे, कसे हसरे, हे सगळं होतं, आणि तो शब्द शेवटी कुठेतरी सरकून गेला होता. तो मी फाडला. अक्कांना चष्म्यानंही बारीक अक्षर दिसत नाही, कुणीतरी त्यांना हे वाचून दाखवील. जो कोणी दाखवील त्यानं एवढं तरी मोठ्यानं वाचावं, पंपांच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं. त्या सकाळी धावपट्टीवर महालिंग शिवप्पा चौगुले यांनी मला 'सोड' म्हटलं होतं. मी सोडलं नाही.